आर, फुफाटा आणि तवा : वऱ्हाडातल्या भाजण्याविषयी

कापसाची शेवटची वेचणी झाली की वऱ्हाडातल्या शेतात उरतात पऱ्हाट्या, आणि तूर झोडून झाली की बांधाला रचल्या जातात तुराट्या. या दोन्हींची गंजी अंगणात किती उंच आहे, यावरून त्या घरची चूल पावसाळ्यात कशी चालेल याचा अंदाज गावातली बाई बांधत असे. अमरावती-अकोल्याच्या जेवणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिखटापासून सुरुवात करतात. मला ती जळणापासून करायची आहे. या पुस्तकात नोंदवलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाची विस्तवाशी थेट गाठ आहे, आणि विस्तव कशाचा आहे यावर पदार्थ कसा होणार हे ठरतं.

तुराटी पेट घेते ती भडकन. तिचा जाळ उंच आणि तेज, पण तिच्या मागे निखारा फारसा उरत नाही. पऱ्हाटी थोडी दमदार. ती जाळही देते आणि काही काळ धगही धरते. बाभळीचं लाकूड पेटायला रडवतं, पण एकदा धरलं की लालबुंद आर देतं आणि तो आर तासभर हटत नाही. गोवरीचं तिसरंच तंत्र. तिला जाळ जेमतेम, धूर भरपूर, आणि धूर सरला की मंद, सगळीकडून सारखी लागणारी ऊब. म्हणून तवा तापवायचा तर तुराटी, कांदा-खोबरं भाजायचं तर बाभळीचा आर, आणि रोडगे लावायचे तर गोवऱ्या, त्याही शक्यतो रानात वाळलेल्या. ही विभागणी कुणी लिहून ठेवलेली नाही. ज्या हातांना ती ठाऊक होती त्यांनी चुलीत काय सारायचं हे आधी ठरवलं आणि पिठाला हात नंतर लावला.

विस्तवाच्या अवस्थांनाही इथे स्वतंत्र नावं आहेत. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे जाळ म्हणजे ‘जाय’. विस्तव म्हणजे ‘इस्तो’. जाळ ओसरल्यावर उरतो तो आर. आरावर राखेचा पातळ थर चढला की तो फुफाटा. प्रत्येक अवस्थेचं काम वेगळं. जाळावर काही भाजू गेलं तर वरून काळं आणि आतून कच्चं राहतं. आरावर रंग येतो. फुफाट्यात पदार्थ आतपर्यंत शिजतो. आगीतून फुफाट्यात पडणं ही म्हण आपण संकटासाठी वापरतो, पण रोडग्याचा प्रवास नेमका तसाच होतो आणि त्यातच त्याचं भलं असतं.

हे पुस्तक एका कृतीविषयी आहे. तीव्र धग देऊन पदार्थाची वरची बाजू झपाट्यानं कोरडी करायची, तिच्यावर रंग आणि पापुद्रा चढवायचा, आणि आतला ओलावा मात्र राखायचा. दूरचित्रवाणीवरचे स्वयंपाकी यालाच ‘सिअर’ करणं म्हणतात. मराठी स्वयंपाकघरात त्यासाठी एकच शब्द नाही, कारण आपण ही कृती एका पदार्थापुरती करत नाही. आराला तोंड करून भाकरी शेकतात, तेलात वांगी परततात, निखाऱ्यावर कांदा भाजतात. त्यातून जे मिळतं ते मात्र सगळीकडे एकाच नावानं ओळखलं जातं : खरपूस. पुढच्या पानांत मी ‘खरपूस भाजणं’ हाच शब्द वापरला आहे आणि जिथे गावचा वेगळा शब्द मिळाला तिथे तो तसाच ठेवला आहे.

खरपूसपणा येतो कसा, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं होतं. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1912 मध्ये दाखवलं की प्रथिनांचे घटक आणि साखर एकत्र तापले की त्यांच्यात प्रक्रिया होऊन तपकिरी रंगाची द्रव्यं तयार होतात. अमेरिकेत जॉन हॉज यांनी 1953 मध्ये या प्रक्रियेचे टप्पे मांडले. भाकरीचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, परतलेल्या मटणाचा रंग, सगळं याच घराण्यातलं. ही प्रक्रिया जोर धरते साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. पाणी 100 अंशांवर उकळतं, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्या पृष्ठभागाचं तापमान तिथेच अडतं. म्हणजे आधी ओल गेली पाहिजे, मग रंग. ओल्या वांग्याच्या फोडी कोमट तव्यावर एकदम ओतल्या की पाणी सुटतं, तवा थंड पडतो आणि फोडी आपल्याच पाण्यात उकडतात. हे रसायन ठाऊक नसलेली बाईसुद्धा सुनेला सांगे की तवा तापू दे, थोड्या थोड्या टाक, आणि सारखं उलथनं घालू नको. तिन्ही सूचना बिनचूक आहेत.

मांसाच्या बाबतीत एक समज जगभर पसरला होता, आजही पसरलेला आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी 1847 मध्ये मांडलं की मांस आधी तीव्र आचेवर धरलं तर वरचा थर घट्ट होऊन आतला रस कोंडला जातो. पुढे 1930च्या दशकात अमेरिकेत मांसाचे तुकडे शिजवण्याआधी आणि नंतर तोलून पाहिले गेले, तेव्हा आधी भाजलेल्या तुकड्यांनी रस कमी गमावला असं काही आढळलं नाही. हॅरल्ड मॅगी यांच्या 1984 च्या पुस्तकानं हा समज सामान्य वाचकांपुढे खोडून काढला. रस कोंडत नाही. चव तयार होते. वऱ्हाडातल्या मटणाला हे आधीच मान्य आहे असं म्हणता येईल. इथे मटण तेलात परतून त्याचं सुटलेलं पाणी आटवतात, तेल परत दिसू लागलं की मगच वाटण घालतात. रस राखण्याची काळजी कुणी करत नाही. तो रस आटून तळाला चिकटतो, त्यावर गरम पाणी पडतं आणि तोच रश्शात उतरतो.

आता रोडगा, कारण तो या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. 20 डिसेंबरला ती सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. देव बहिरमबुवा, म्हणजे भैरव, आणि त्याच्या मूर्तीला लोणी-शेंदूर. पण यात्रेकरूंना विचाराल तर निम्मं बोलणं मुक्कामाच्या राहुट्यांचं, मातीच्या हंडीत शिजलेल्या मटणाचं आणि रोडग्यांचं असतं. थंडी कडक, वरून डोंगराचा वारा, आणि जागोजागी गोवऱ्यांचे ढीग धुमसत असतात. रोडगा तसा नवसाचा पदार्थ आहे. संत एकनाथांच्या भारुडातही भवानीला रोडगा वाहण्याचा नवस येतो, म्हणजे सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांना तो सांगावा लागत नव्हता.

गहू जाडसर दळायचा, हाताला रवाळ लागेल इतका. त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन आणि घट्ट मळलेली कणीक. लहान लहान पोळ्या लाटायच्या, तेलाचा हात फिरवून एकीवर एक ठेवायच्या, आणि सगळ्यांत मोठ्या पोळीत त्यांना गुंडाळून तोंड बंद करायचं. हातात बसेल असा चपटा गोळा होतो. आत थर, बाहेर एकसंध कवच. तोवर गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. इथेच घाई करणारा चुकतो. वर पिवळा धूर असताना रोडगा टाकला तर तो धुरकट, कडवट होतो. अनुभवी माणूस काठीनं ढीग उकरून पाहतो आणि पोराला थांबवतो : “आर पडू दे बाप्पा, मंग टाकजो.” धूर संपला, गोवऱ्या लाल झाल्या की त्या पसरतात आणि रोडगे थेट आरावर ठेवतात. पहिला थोडा वेळ त्यांना सोडून उठायचं नाही. काठीनं सतत फिरवत राहायचं, सगळीकडून कवच धरेपर्यंत. कवच धरलं की राखेनं झाकायचं आणि निवांत बसायचं. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती थरांमध्ये वाफ होऊन फिरते, आणि थर सुटे होतात. साधारण तासाभरानं उकरून काढायचे. काठीनं ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि एखाद्याला तडा दिसला की झाले. पोत्यावर झटकायचे, फडक्यानं राख पुसायची, दोन्ही हातांनी फोडायचे आणि गरम तुपात बुडवायचे. बरोबर वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण.

या सगळ्या कृतीत दोन वेगळ्या आचा आहेत. आधी तीव्र आणि थोडी, मग मंद आणि लांब. मोठ्या हॉटेलांतले स्वयंपाकी मांस आधी तव्यावर खरपूस करतात आणि मग भट्टीत मंद आचेवर सारतात, तेव्हा ते हीच जोडी वापरतात. बहिरमला त्यासाठी भट्टी लागत नाही. जमिनीवरची राख तेच काम करते.

पानगे हा रोडग्याचा सोपा भाऊ. कणकेची जाड चानकी पळसाच्या दोन पानांत दाबून गोवऱ्यांवर ठेवायची. पान काळं पडून गळतं, पण गळण्याआधी कणकेला राखेपासून वाचवतं आणि आपला वास देऊन जातं.

तव्याकडे वळू. वऱ्हाडात भाकरी ज्वारीची. गरम पाण्यानं मळलेला गोळा परातीत थापायचा, कोरडं पीठ लागलेली बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. वरचं कोरडं पीठ तसंच राहिलं तर उलटल्यावर ते आधी जळेल आणि भाकरीला कडू चव येईल. पाणी त्याचं पातळ खळीसारखं आवरण करतं. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, त्या क्षणी उलटायची. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर चिरते. शेवटी ती चुलीच्या तोंडाशी आराला टेकवून उभी करायची. आरातून येणारी धग सरळ पृष्ठभागावर पडते, आतली वाफ फुगते, पापुद्रा सुटतो आणि त्यावर तपकिरी डाग पडतात. गॅसवरची भाकरी फुगते, पण ज्योत एका जागी लागते म्हणून डाग मध्यभागी काळे आणि कडेला पांढरे राहतात. जाळी ठेवून, आच मध्यम करून भाकरी फिरवत राहिलं तर बराच फरक पडतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आज बहुतेक वाचकांकडे गॅसच आहे.

तव्यावरचाच दुसरा पदार्थ ठेचा. हिरव्या मिरच्यांना एक बारीक चीर द्यायची, नाहीतर त्या फुटून उडतात. लोखंडी तवा धुरावायच्या बेताला आला की तेलाचे चार थेंब, मग मिरच्या, आणि मग हात मागे. मिरचीच्या सालीखाली वाफ धरते, साल पांढरी होऊन फुगते, फुगलेल्या जागी आधी तपकिरी आणि मग काळा डाग येतो. एक बाजू अशी झाल्याशिवाय उलटायची नाही. नंतर लसूण, कारण तो आधी घातला तर मिरचीच्या आधी जळतो. जिरं, खडेमीठ, आणि तवा खाली उतरवून पितळी तांब्याच्या बुडानं तिथल्या तिथे रगडायचं. तव्याला चिकटलेला भाजका थरही असा ठेच्यात येतो. मिक्सरमध्ये फिरवलेला ठेचा हिरवा आणि ओला होतो. तो चटणी म्हणून चांगला असेल, पण ठेचा म्हणून मी तो या पुस्तकात घेतलेला नाही.

काळ्या रश्शाचं वाटण ही भाजण्याची सगळ्यात कठीण परीक्षा. सुक्या खोबऱ्याची वाटी आरावर धरली की तिच्यातलं तेल पेट घेतं. ती क्षणभर जळू द्यायची आणि फुंकून विझवायची. वरून काळी, आतून बदामी झालेली वाटी योग्य. कांदा सालासकट आरात पुरायचा. वरचे दोन-तीन पापुद्रे कोळसा होतात, ते काढून टाकायचे; आतला कांदा मऊ, गोड आणि धुराचा वास घेतलेला निघतो. मग पाट्यावर वाटण. जळणं आणि भाजणं यांतलं अंतर इथे काही क्षणांचं आहे. खोबरं जास्त गेलं तर रस्सा कडू होतो आणि त्यावर गूळ, टोमॅटो, काहीही घातलं तरी तो सुधारत नाही. ते वाटण टाकून द्यावं, हाच माझा सल्ला आहे.

तेलाचाही इथे विचार हवा. या भागात जवस, तीळ, करडई आणि भुईमूग यांची तेलं घराघरांत होती. कापसाच्या सरकीचं तेलही वऱ्हाडाला नवं नाही. घाणीचं जवसाचं तेल फार लवकर धुरतं, पाणी उकळण्याच्या तापमानापासून ते फार दूर नाही. त्यामुळे ते तव्यावर तापवायचं तेलच नाही. वरून घ्यायचं, चटणीवर, भाकरीवर. तीव्र आचेला शुद्ध केलेलं शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल चालतं, ती 200 अंशांच्या पुढेही तग धरतात. साजूक तूपही तग धरतं. दूध-लोण्यातला अंश राहिला असेल तर मात्र तो आधी जळतो. जुन्या घरांतून कोणतं तेल कशावर, हे पक्कं ठरलेलं असे. आता एकाच डब्यातलं तेल सगळ्यांवर पडतं.

भाजण्याच्या भांड्यांत खापराचा, म्हणजे मातीच्या भांड्याचा, इतिहास लांबचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात गव्हाच्या पिठाचे मांडे तापलेल्या खापरावर भाजण्याची कृती येते, आणि शूलावर भाजलेल्या मांसाच्याही कृती येतात. खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या बाजूला आजही उपड्या खापरावर मांडे होतात. मातीचं भांडं धग हळू घेतं आणि सगळीकडे सारखी देतं, म्हणून कागदासारखा पातळ मांडाही एका जागी जळत नाही. मुक्ताईच्या मांड्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे : विसोबानं कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, आणि ज्ञानेश्वरांनी पाठ तापवून दिली. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेच्या मुळाशी स्वयंपाकाचं एक साधं सत्य आहे. मांडे करायचे तर खापरच लागे, दुसरं काही चालत नसे.

भडभुंजा हा या परंपरेचा बाजारातला वारस. भट्टीवर वाळू तापवायची, त्यात भिजवून सुकवलेला हरभरा टाकायचा, झाऱ्यानं हलवायचा आणि चाळायचा. वाळू दाण्याला सगळीकडून एकदम भिडते, तवा एकाच बाजूनं भिडतो. म्हणून फुटाणा एकसारखा फुलतो. नागपंचमीला लाह्या-फुटाणे लागतात ते त्याच्याकडचे. त्या दिवशी अनेक घरांतून तवा चुलीवर चढत नाही, भाजणं-तळणं वर्ज्य असतं, आणि दिंडं-फळं वाफेवर होतात. भाजण्यावर इतकं प्रेम असलेल्या प्रांतानं वर्षातला एक दिवस तव्यालाही सुट्टी दिली आहे.

हुरड्याबद्दल प्रत्येकाकडे आठवणी आहेत, म्हणून मी थोडंच लिहिते. ज्वारीचा दाणा दुधाळपणा सोडून घट्ट व्हायला लागतो, पण साखरेचा पुरता स्टार्च झालेला नसतो, ते मोजके दिवस हुरड्याचे. कणसं फुफाट्यात पुरायची, काढून हातावर चोळायची. दाण्याची साल भाजते, आतलं दूध वाफेनं शिजतं. वऱ्हाडात यासाठी वाणी जातीची ज्वारी नावाजलेली आहे, आणि 1969 साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खास हुरड्याचे वाणही शेतकऱ्यांना दिले आहेत. उन्हाळ्यात हाच आर कैरीच्या कामी येतो. अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा राखेत भाजलेल्या कैरीचं पन्हं हा घरोघरचा उतारा असतो. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यात तो धुराचा वास येत नाही.

इतकं सगळं लिहिल्यावर चुलीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं. ज्या आजींनी ही कला राखली त्यांचे डोळे आणि फुप्फुसं या धुरानं खाल्ली आहेत. बंद स्वयंपाकघरात शेण-लाकडाचा धूर वर्षानुवर्षं छातीत जाणं हा दम्याचा आणि फुप्फुसांच्या जुनाट विकारांचा सरळ रस्ता आहे, आणि ते सोसणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. 1 मे 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गावागावांत सिलिंडर पोचले, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. भरून आणण्याचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक घरं पुन्हा चुलीकडे वळतात, ही दुःखाची. चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या लावलेल्या ढाब्यांवर जाऊन तिचे गोडवे गाणाऱ्यांनी, ती चूल घरी रोज कोण फुंकणार, याचं उत्तर आधी द्यावं.

म्हणूनच या पुस्तकात प्रत्येक कृतीला दोन भाग आहेत. काही पदार्थांना विस्तवच लागतो : रोडगा, हुरडा, आरात पुरलेला कांदा. ते उघड्यावर, शेतात, यात्रेत, वर्षातून काही वेळा करावेत, आणि विस्तवापाशी पुरुषांनीही बसावं. रोडग्यांच्या पंगतीत तसे ते बसतातच. बाकीच्या पदार्थांना धुरापेक्षा कोरडेपणा, जाड तवा आणि धीर यांची गरज जास्त आहे, आणि ही तिन्ही गॅसवर मिळू शकतात. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्या. नॉनस्टिक तवा कोरडा कडकडीत तापवू नये, त्यामुळे तो या कामाचा नाही; जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातळ भांड्यात मध्ये जळतं आणि कडेला कच्चं राहतं. तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरून चरचरला तर तवा अजून मध्यम आहे; गोल होऊन पळू लागला तर कडक तापला. भाजी धुतली असेल तर फडक्यावर कोरडी करा, मटण निथळून घ्या, आणि तव्यात गर्दी करू नका. मग कान द्या. ओल असेपर्यंत आवाज मोठा आणि ओलसर येतो. तो बारीक, कोरडा झाला की रंग धरायला लागला असं समजा. चिकटलेला तुकडा ओढू नका, खरपूस झाला की तो स्वतःच सुटतो.

आणि काळं नको. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर भाजले-तळले तर त्यांत ॲक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. त्यासाठी भाजणं सोडायची गरज नाही. भाकरीचा डाग तपकिरी असावा, कोळसा झालेला भाग खरवडून टाकावा. वांग्याची जळकी साल आणि कांद्याचे काळे पापुद्रे आपण काढतोच.

या नोंदी करताना एक अडचण सतत जाणवली. मराठी पाककृतींची छापील पुस्तकं मापाच्या बाबतीत पुष्कळ पुढे गेली. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजवलं आणि नवशिक्या मुलींवर मोठे उपकार केले. आचेच्या बाबतीत मात्र आपण अजून मंद, मध्यम आणि मोठी या तीन शब्दांवर भागवतो. विस्तव कशाचा, तो कोणत्या अवस्थेत, पदार्थ त्यापासून किती दूर, आवाज कसा, वास कधी बदलतो, हे लिहिण्याची रीत पडली नाही, कारण लिहिणाऱ्याला ते गृहीत होतं. ती गृहीत धरणारी पिढी आता उरलेली नाही. त्यामुळे इथल्या प्रत्येक कृतीच्या माथ्यावर जळण, भांडं आणि झाल्याची खूण या तीन गोष्टी दिल्या आहेत. साहित्याची यादी त्यांच्या खाली आहे.

या नोंदी अपुऱ्या आहेत. मेळघाटातल्या कोरकू घरांचं भाजणं यात जवळजवळ आलेलंच नाही, आणि ते त्या घरांतल्या कुणीतरी लिहावं असं मला वाटतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत आणि वरुड-मोर्शीच्या बागायतीत एकच पदार्थ वेगळ्या हातानं होतो, तेही पुरतं टिपता आलेलं नाही. म्हैंभटांनी ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केलं, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथल्या अभ्यासकांनी बोलींच्या शब्दसंग्रहात चुलीचे, विस्तवाचे आणि भाजण्याचे शब्द आवर्जून घ्यावेत, आणि ते पुस्तकांतून न उचलता वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

वाचकांनाही एक विनंती. पुस्तकाच्या शेवटी काही कोरी पानं ठेवली आहेत. तुमच्या घरी जी आई, आजी, मामी किंवा आत्या अजून आवाजावरून आणि वासावरून भाजते, तिच्याजवळ बसा, ती जे म्हणते ते तिच्याच बोलीत त्या पानांवर लिहा, आणि तारीख व गावाचं नाव घालायला विसरू नका.